कुरण टोचायचे की विंचरायचे?



अक्षय तृतीया होऊन आठवडा झाला असेल. पारनेर तालुक्यातल्या कान्हूर पठाराकडच्या एका भगिनीचे पत्र आले. नाव-गाव छापू नका असे तिनेच लिहिले आहे, कारण गोष्ट घरातली आहे. मजकूर थोडक्यात असा :

"आमचे तीन एकर कुरण आहे. घरात दोन गाई, एक म्हैस आणि बैलजोडी. पाच-सहा वर्षांमागे कुरणातून दिवाळीपर्यंत रोज दोन भारे गवत निघायचे. आता एका भाऱ्याला सारी दुपार जाते. गवत पिवळे पडते, विरळ होते. मामंजी म्हणतात, जमीन दगड झाली, पहार बोटभर जात नाही, ट्रॅक्टर लावून सगळे फणून काढू. धाकटे भाऊजी म्हणतात, जुने गवत माजले आहे, काडी लावू, पहिल्या पावसात हिरवेगार होईल. यावरून दोघे जेवताना बोलत नाहीत. मला कोणी विचारत नाही, पण भारा माझ्या डोक्यावर असतो. तुम्ही सांगाल तोवर काडी लावू नका, एवढे मी भाऊजींकडून कबूल करून घेतले आहे. लवकर लिहा."

पत्र वाचले आणि माझेच जुने दुखणे जागे झाले. ते आधी सांगतो, म्हणजे मी उत्तर लगोलग का धाडले ते कळेल.

१९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. दावणीची निम्मी जनावरे गेली. पाऊस परतल्यावर तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरचा माळ बंद केला. बांधाला काटेरी कुंपण घातले आणि आत शेळीसुद्धा जाऊ दिली नाही. दोन वर्षांत मारवेल आणि पवना मांडीला लागला. पण पुढे घरात कापायला माणसे राहिली नाहीत. गवत उभे वाळायचे, पडायचे, त्यावर नवे यायचे. चौथ्या वर्षी माळ पिवळा पडला. मी नुकताच शाळा संपवून आलो होतो आणि मला सगळेच समजत होते. मी म्हणालो, "तात्या, जमीन आवळली आहे, मोकळी केली पाहिजे." बैल जुंपले आणि मृगाच्या तोंडावर सारा माळ कुळवून काढला. मारवेलाची ठोंबे उपटून वर आली. तिसऱ्या दिवशी जो पाऊस झाला त्याने ती मोकळी माती ओढ्यात नेली. त्या वर्षी माळावर तरोटा उगवला आणि पुढच्या वर्षी कुसळी. दोन वर्षे विकतचा कडबा घालावा लागला आणि दुभती गाय बेल्ह्याच्या बाजारात उभी करावी लागली. तात्या एक अक्षर बोलले नाहीत, याचेच जास्त वाईट वाटले.

जमीन आवळलेली नव्हतीच. जुन्या गवताची गादी साचली होती. ती नुसती विंचरून काढली असती तर भागले असते. आपल्याकडे म्हणतात ना, रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला, तसे झाले. म्हणून आज या दोन दुखण्यांची ओळख करून देतो.

दुखणी दोन, रूप एक

पहिले दुखणे जमीन आवळण्याचे. जनावराचा खूर लहान आणि वजन मोठे. ओल्या जमिनीवर ते रोज त्याच वाटेने गेले की वरची चार बोटे माती दाबली जाते आणि मातीच्या कणांमधली पोकळी मोडते. त्या पोकळीतूनच मुळांना हवा आणि पाणी मिळते. ती गेली की पाऊस वरच्यावर वाहून जातो, मुळे खाली उतरत नाहीत आणि आठ दिवस उघडीप पडली की गवत माना टाकते.

दुसरे दुखणे गादीचे. जुन्या काड्या, वाळलेली पाने, मेलेली मुळे यांचा थर माती आणि हिरव्या पात्याच्या मध्ये साचतो. थोडा थर चांगलाच असतो. तो ऊन अडवतो, पावसाचा मार झेलतो, कुजून माती होतो. पण कुजण्यापेक्षा साचणे जास्त झाले की नव्या फुटव्याला उजेड मिळत नाही. हलका पाऊस गादीतच मुरतो आणि वाऱ्याने उडून जातो. मुळे मातीत जायची सोडून गादीतच फिरत राहतात.

दोन्हींत गवत पिवळे आणि दोन्हींत विरळ. बांधावर उभे राहून पाहिले तर मामंजी खरे वाटतात आणि भाऊजीही खरे वाटतात. उपाय मात्र उलटे आहेत. आवळलेली जमीन टोचावी लागते, गादी विंचरावी लागते. एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर माझ्या माळासारखे होते.

खुरपे सांगेल ते खरे

मी ताईंना लिहिले, "मे महिन्यात पहार जात नाही यावरून काही ठरवू नका. वैशाखात कोणतीही बरड जमीन दगडच असते. चांगला पाऊस होऊ द्या, दोन दिवस वाफसा येऊ द्या, आणि मग कुरणात तीन ठिकाणी खणून पाहा. एक जागा फाटकाजवळ, जिथून जनावरे पाण्याला जातात. दुसरी वरच्या अंगाला, जिथे कोणी फिरकत नाही. तिसरी उतारावर मध्येच. जोडीला बांधाच्या कडेची, गवत चांगले असलेली एक जागा खणा, म्हणजे ताडून पाहता येईल."

तपासणी साधी आहे. कोणाही बाईमाणसाला सकाळच्या दोन तासांत जमते.

पहिली गोष्ट : खुरप्याने वीतभर लांब-रुंद आणि वीतभर खोल असा चौकोनी डेपसा गवतासकट उचला. कडेने पाहा. हिरवे पाते कुठे संपते आणि खरी माती कुठे सुरू होते, त्यामधला काड्यांचा थर बोटाने मोजा. अर्ध्या पेराएवढा असेल तर काळजी नको. पेरभर किंवा अधिक असेल, हाताला गादीसारखा दबत असेल, आणि पांढरी मुळे त्यातच गुंतलेली असतील, तर दुखणे गादीचे.

दुसरी गोष्ट : त्याच डेपशातली मुळे पाहा. सरळ खाली गेली असतील तर जमीन मोकळी आहे. दोन-चार बोटांवर जाऊन आडवी वळली असतील आणि तिथली माती पापडासारखी थराथराने सुटत असेल, तर जमीन आवळली आहे.

तिसरी गोष्ट : दोन्ही तोंडे कापलेला एखादा जुना डबा घ्या. तो दोन बोटे जमिनीत दाबून बसवा आणि तांब्याभर पाणी ओता. किती वेळात मुरते ते पाहा. आधी गवताच्या थरावर पाहा, मग शेजारीच थर बाजूला सारून उघड्या मातीवर पाहा. थरावर पाणी तुंबते आणि मातीत झटकन मुरते, तर दोष गादीचा. उघड्या मातीवरही तुंबून राहते आणि बांधाकडेच्या जागेत मात्र मुरते, तर दोष आवळलेल्या जमिनीचा.

चौथी गोष्ट आपल्या पठारावर फार महत्त्वाची, आणि ती पुस्तकात सहसा नसते. पहार वीतभर जाऊन अडली म्हणजे जमीन आवळली असे धरून चालू नका. आपली कित्येक माळराने अशी आहेत की वीतभर मातीखाली मुरूमच आहे. तिथे पहार मुरमाला लागून करकर आवाज करते. ओली असताना आवळलेली माती चिवट लागते आणि तो थर फोडला की खाली पुन्हा मऊ माती लागते. मुरूम मात्र खाली खाली मुरूमच राहतो. तिथे टोचूनही उपयोग नाही आणि विंचरूनही नाही. तिथे जमीनच पातळ आहे. तिला चर आणि बांध घालून आहे ती माती धरून ठेवायची, एवढेच आपल्या हातात.

काळ्या जमिनीचे निराळे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाने ती फुगते. ती स्वतःच स्वतःला नांगरते असे जुनी माणसे म्हणत, ते खोटे नाही. आवळण्याची चिंता जास्त आहे ती बरड, तांबूस, पाऊस पडला की वरून पापडी धरणाऱ्या जमिनीला.

ताईंचे दुसरे पत्र

मृगाचा पाऊस झाला आणि गेल्या आठवड्यात ताईंचे दुसरे पत्र आले. त्यांनी एकटीने खणले नाही, मामंजींना आणि भाऊजींना बरोबर नेले. फाटकाजवळ थर नावालाही नव्हता. मुळे तीन बोटांवर आडवी झालेली, आणि डब्यातले पाणी जनावरांची धार काढून होईपर्यंत तसेच. मामंजी म्हणाले, "बघ, मी सांगत होतो." वरच्या अंगाला खुरपे घातले तर काड्यांचा थर दीड पेर, वास कुबट, नवे फुटवे खाली पांढरे. माती मात्र खाली भुसभुशीत. भाऊजी म्हणाले, "मी काय सांगत होतो?" उतारावर मध्ये खणले तर वीतभर मातीखाली मुरूम. तिथे दोघेही गप्प.

ताई लिहितात, "दोघे खरे होते, पण आपापल्या कोपऱ्यापुरते. त्या रात्री एकत्र जेवले."

बहुतेक कुरणांत असेच असते. फाटकाकडे आणि पाणवठ्याच्या वाटेवर जमीन आवळते, दूरच्या टोकाला गादी साचते. साऱ्या कुरणाला एकच औषध देण्याची घाई करू नका.

टोचायचे कसे

उतारावरचे कुरण ट्रॅक्टरने सरसकट फणू नये. मोकळी झालेली माती पहिल्या जोराच्या सरीत जाते. उताराला आडव्या, दहा-बारा फुटांवर एकेक अशा तासा हलक्या नांगराने ओढाव्यात. मधली ठोंबे तशीच ठेवावीत. तासेत कुजलेले शेणखत पसरावे आणि मारवेलाची मुळे फुटलेली ठोंबे पाऊस चालू असताना लावावीत. मारवेल-८ हा चांगला वाण आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे आणि तिथे चारापिकांचे काम चालते. बियाणे, ठोंबे कुठे मिळतील याची चौकशी तिथे करावी. गवताबरोबर स्टायलोसारखे द्विदल पेरले तर चाऱ्याचा कस वाढतो. गवताचे बी हलके असते, वाऱ्यावर उडते. ते माती-शेणात कालवून बारीक गोळ्या करून टाकावे.

जागा थोडी असेल, दोन-चार गुंठ्यांची, तर नांगरही नको. वाफशावर पहारेने वीत-वीत अंतरावर भोके पाडावीत आणि वरून चाळलेले शेणखत पसरावे.

आणि हे सगळे करून जनावरे पुन्हा पावसात आत सोडली तर काम पाण्यात. ओल्या जमिनीवरचा एक दिवस कोरड्या जमिनीवरच्या महिन्याएवढे नुकसान करतो असे समजा. तो भाग निदान दोन पावसाळे बंद ठेवावा आणि फाटकाची जागा आलटून पालटून बदलावी.

विंचरायचे कसे

गादी काढायची ती पावसाच्या तोंडावर किंवा पहिल्या एक-दोन पावसांनंतर. भर उन्हाळ्यात काढली तर उघडी पडलेली मुळे भाजतात. आधी जुने खोड विळ्याने चार बोटे ठेवून कापावे, मग दाताळ्याने ओढावे. एकदा उताराला आडवे आणि एकदा तिरपे. माती खरवडू नये, काड्या तेवढ्या निघाल्या पाहिजेत. हाताने धरून ओढल्यावर ठोंब उपटून येत असेल तर थांबावे, कारण मुळे गादीतच आहेत. अशा ठिकाणी यंदा निम्मा थर काढावा आणि निम्मा पुढच्या वर्षी.

निघालेला पालापाचोळा खताच्या खड्ड्यात टाकावा, गोठ्यात जनावराखाली अंथरावा, नाहीतर परसातल्या वांगी-मिरचीच्या आळ्यात घालावा. जाळू मात्र नये.

काडी लावण्याविषयी भाऊजींना दोन शब्द. जाळल्यावर पहिल्या पावसात हिरवे दिसते हे खरे आहे. उजेड मोकळा होतो, म्हणून ते दिसते. पण गादीतले नत्र धुरातून जाते, जमीन पावसाआधी उघडी पडते, आणि आगीतून सर्वांत आधी उठते ती कुसळी. तिची कुसळे जनावराच्या तोंडात आणि मेंढीच्या लोकरीत रुततात. दरवर्षी जाळलेला माळ हळूहळू कुसळीचा होतो. शिवाय वारा फिरला तर आपली काडी शेजाऱ्याची गंजी आणि डोंगरावरचे जंगल खाते. वनजमिनीला आग लावणे गुन्हा आहे, हेही ध्यानात असावे.

गादी पुन्हा साचू नये याचा उपाय एकच, वेळेवर कापणे. गवत फुलोऱ्यात आले की कापावे. तेव्हा त्यात कस असतो. दिवाळीनंतर वाळून उभे राहिलेले गवत कापणे म्हणजे काड्यांनी पोट भरणे. कापून झाल्यावर, जमीन पुरती कोरडी असताना, मेंढ्यांचा कळप एक-दोन दिवस बसवता आला तर उत्तम. पारनेरच्या ढवळपुरी भागातले धनगर बांधव पावसाळा सरल्यावर कळप घेऊन कोकणाकडे उतरतात. त्यांच्या मेंढ्या उरलेले खुंट खातात, काड्या मोडून मातीला लावतात आणि लेंडीचे खत देऊन जातात. मात्र जमीन ओली असताना बसवू नये.

दोन्ही दुखणी एकाच जागी निघाली, जावा-जावांसारखी एका घरात, तर आधी विंचरावे आणि मग टोचावे. गादीवरून नांगर घातला तर काड्या फाळात गुंततात आणि माती तशीच राहते. पुष्कळदा पहिलीमुळे दुसरी येते. मातीत हवा नसली की कुजवणारे किडे-जंतू मंदावतात आणि थर साचतो.

बंदी म्हणजे विसरणे नव्हे

आपल्या तालुक्याला हे शिकवायला लांब जावे लागत नाही. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पाणी अडवण्याची कामे झाली आणि त्याबरोबर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी आली. शेजारच्या नगर तालुक्यात हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले आणि पुढे तिथेही तेच झाले. डोंगरावर सलग समतल चर निघाले आणि मोकाट चराई थांबली. पण गवत कापून नेण्याची वाट तिथे खुली ठेवली. विळा घेऊन या, ठरलेले पैसे भरा आणि कापून न्या, अशी रीत. खुराला बंदी आणि विळ्याला मुभा, यात दोन्ही दुखण्यांवरचा इलाज आला. माझ्या तात्यांनी खूर थांबवला होता, विळा चालू ठेवायचा राहिला.

जाता जाता एक. शाळेच्या पटांगणात किंवा देवळापुढे हरळीची हिरवळ राखणाऱ्यांनाही हीच तपासणी लागू आहे. पोरांच्या पायवाटेवर जमीन आवळते, कडेला पाणी जास्त झाले की हरळीची गादी होते. विलायतेत आणि अमेरिकेत या दोन कामांना दोन निरनिराळी यंत्रे आहेत. एक पोकळ दात रोवून बोटाएवढी मातीची गुळी उपसून काढते, दुसरे पात्यांनी गादी विंचरते. तिथले माळीही आधी डेपसा उचलून पाहतात आणि अर्ध्या इंचापेक्षा जाड थर असेल तरच विंचरतात. यंत्र त्यांचे असो, पाहण्याची रीत आपल्याला फुकट आहे.

पारनेरला वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातला प्रत्येक थेंब कुरणात मुरला तर फाल्गुनात दावणीला चारा राहतो. वरून वाहिला किंवा गादीत सुकला तर बाजारची वाट धरावी लागते. यंदाचा पाऊस पडला आहे, वाफसा आहे. हे पान वाचून झाले की खुरपे घेऊन कुरणात जा, तीन डेपसे उचला आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहा. भारा वाहणारीला आधी विचारा, कारण कुठे गवत सरले हे तिच्या मानेला ठाऊक असते.

ताई, तुमचे फाटक यंदा खालच्या बाजूला हलवा, वरचे अंग विंचरून घ्या, आणि मधल्या मुरमाला एक-दोन आडवे चर. दसऱ्याला भारे मोजून कळवा. वाट पाहतो.